बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल: ट्रिगर आणि कॉकिंगच्या तक्रारी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

‘ट्रिगर बिघडलाय’ म्हणून दुरुस्तीला येणाऱ्या बऱ्याच रायफलींचा ट्रिगर ठणठणीत असतो. कुठे बोल्टच्या (हँडलने पुढे-मागे सरकणाऱ्या नळकांड्याच्या) आत जुनं ग्रीस वाळलेलं असतं, कुठे साफसफाई करताना कॉकिंग पीस (फायरिंग पिनेच्या मागच्या टोकाचा तुकडा) खाचेतून घसरलेला असतो, तर कुठे कुणीतरी व्हिडिओ बघून स्क्रू फिरवून ठेवलेले असतात. म्हणून खालच्या जवळजवळ प्रत्येक उत्तराची सुरुवात एकाच गोष्टीपासून होते: बोल्टच्या मागच्या टोकाकडे बघा आणि कॉकिंग पीस कुठे उभा आहे ते ठरवा. उत्तरं सेंटरफायर रायफल (पिन काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी आपटते अशी) धरून दिली आहेत. पॉइंट टू-टू रिमफायरला (जिची पिन बुडाच्या कडेवर आपटते) काही वेगळं लागू होत असेल तर तिथेच सांगितलं आहे.

तपासणीला हात घालण्याआधी काय करायचं?

मॅगझीन काढा, बोल्ट पूर्ण मागे घ्या, चेंबरमध्ये डोळ्याने बघा आणि करंगळी घालूनही चाचपा. काडतुसं त्या खोलीतच नकोत. नळी अशा दिशेला ठेवा की चुकून गोळी सुटलीच, तरी कुणाला लागणार नाही. चाचणीसाठी डमी काडतूस, म्हणजे स्नॅप कॅप वापरा. ‘बघू तरी चालतंय का’ म्हणून जिवंत काडतूस भरून घरात ट्रिगर तपासणाऱ्याने हे पान वाचूच नये, सरळ दुरुस्तीकाराकडे जावं.

बोल्ट ‘कॉक होतो’ म्हणजे आत नेमकं काय घडतं?

बोल्ट आतून पोकळ असतो. आत फायरिंग पिन, तिच्याभोवती जाडजूड स्प्रिंग आणि पिनेच्या मागच्या टोकाला कॉकिंग पीस. हँडल वर उचललं की बोल्टच्या मागच्या कडेला कापलेला तिरका उतार, म्हणजे कॅम, कॉकिंग पीसला मागे ढकलतो आणि स्प्रिंग दाबली जाते. बोल्ट पुढे नेऊन हँडल खाली पाडताना कॉकिंग पीस सिअर नावाच्या छोट्या पोलादी कडेवर अडतो आणि तिथेच थांबतो. ट्रिगर ओढला की सिअरच्या खालचा आधार सरकतो, सिअर खाली बसतो आणि पिन पुढे झेपावते. ट्रिगर सोडला की सिअर पुन्हा वर यायला हवा. निम्म्या तक्रारी या ‘पुन्हा वर येण्यात’ अडकलेल्या असतात.

१८९८ च्या माउझरमध्ये आणि आजच्या बहुतेक रायफलींमध्ये कॉकिंग हँडल उचलताना होतं. ली-एनफिल्ड आणि १८९६ ची स्वीडिश माउझर यांच्यात ते बोल्ट पुढे ढकलताना होतं. त्यामुळे एनफिल्डचं हँडल अलगद उचललं जातं आणि बंद करताना शेवटच्या टप्प्यात जोर लागतो. हा दोष नाही, तिची रचनाच तशी आहे. आधुनिक रायफलवरून एनफिल्डवर आलेल्या माणसाला हे हमखास खटकतं.

बोल्ट बंद होतो, हँडलही खाली बसतं, पण रायफल कॉक होत नाही. ट्रिगर नुसता ढिला लागतो. का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात गांभीर्याने घ्यायचाही हाच. बोल्ट हळू बंद करा आणि कॉकिंग पीसवर नजर ठेवा. तो मागे थांबण्याऐवजी बोल्टबरोबरच पुढे जात असेल, तर सिअर त्याला पकडत नाहीये. मग हेच एकदा झटकन बंद करून बघा. हळू बंद केल्यावर पकड बसते आणि जोरात बंद केल्यावर सुटते, असं असेल तर पकड आहे पण काठावरची आहे. हा प्रकार पूर्ण न पकडण्यापेक्षाही वाईट, कारण रेंजवर पोचेपर्यंत तो लपून राहतो.

पहिला संशय घ्या वाळलेल्या तेलाचा. वर्षानुवर्षं ट्रिगरच्या डबीत फवारलेलं तेल धूळ धरून गोठलेल्या मधासारखं घट्ट होतं. सिअरची बारीकशी स्प्रिंग एवढी ताकदवान नसते की त्यातून सिअरला वर उचलेल. ओळखायची खूण अशी: रायफल उन्हात किंवा उबदार खोलीत थोडा वेळ ठेवल्यावर कॉक होते आणि गारठ्यात होत नाही. असं असेल तर दुसरं कारण शोधायच्या आधी डबी धुवून काढा. धुणं कसं करायचं ते पुढे आहे.

दुसरा संशय दस्त्याचा. लाकूड दमट हवेत फुगतं आणि ट्रिगरची डबी ज्या खोबणीत बसते ती खोबण आवळते. सिअर किंवा ट्रिगर लाकडाला घासायला लागतो आणि पूर्ण परत येत नाही. तपासणी सोपी आहे. अ‍ॅक्शनचे (बोल्ट ज्यात चालतो त्या पोलादी सांगाड्याचे) स्क्रू काढून अ‍ॅक्शन दस्त्यातून बाहेर काढा आणि बोल्ट चालवून बघा. बाहेर व्यवस्थित कॉक होते आणि दस्त्यात बसवली की होत नाही, तर ट्रिगर निर्दोष आहे. खोबणीत जिथे लाकूड चकाकतंय किंवा काळं पडलंय तिथे घासलं जातंय. ट्रिगर गार्ड वाकलेला असला तरी तो ट्रिगरच्या पानाला अडवतो, तेही याच वेळी दिसतं.

तिसरा संशय स्क्रूंचा. आधीच्या मालकाने ट्रिगर हलका करायच्या नादात वजनाचा स्क्रू (ट्रिगर ओढायला किती जोर लागेल ते ठरवणारा) इतका सैल केलेला असतो की ट्रिगरला परत जागेवर आणणारी स्प्रिंगच कामाला येत नाही. सिअरची पकड कमी करणारा स्क्रू जास्त आत गेलेला असेल तरी तेच होतं. कारखान्यात या स्क्रूंवर लाखेचा किंवा रंगाचा ठिपका दिलेला असतो. ठिपका फुटलेला दिसला की समजायचं, इथे कुणाचा तरी हात फिरलाय.

हे तिन्ही नसेल, तर सिअरची किंवा कॉकिंग पीसची कड झिजलेली असू शकते. जुन्या लष्करी रायफलींमध्ये बोल्ट आणि अ‍ॅक्शनवरचे नंबर जुळतात का तेही बघा. वेगवेगळ्या रायफलींचे भाग जोडून बनवलेल्या रायफलीत कॉकिंग पीस आणि सिअर एकमेकांशी कधी बसलेलेच नसतात. इथून पुढचं काम घरातलं नाही.

दोष सापडेपर्यंत ही रायफल वापरू नका. आज कॉकिंग पीस निरुपद्रवीपणे पुढे गेला, पण उद्या सिअर त्याला क्षणभर धरेल आणि हँडल पूर्ण खाली बसल्यावर सोडेल, तेव्हा चेंबरमध्ये काडतूस असेल.

साफ करायला बोल्ट काढला होता. आता तो आत जात नाही, किंवा जातो पण हँडल खाली येत नाही.

बोल्ट बाहेर असताना तो डी-कॉक झालाय, म्हणजे दाबलेली स्प्रिंग सुटली आहे. कॉकिंग पीस मागच्या छोट्या खाचेत टेकलेला असायला हवा होता. बोल्ट पुसताना मागची टोपी थोडी फिरली आणि तो घसरून उताराच्या तळाशी गेला. काही तुटलेलं नाही. घाबरून हातोडी आणायचीही गरज नाही.

बोल्टचं नळकांडं एका हाताने घट्ट धरा, किंवा जबड्यांना चामडं किंवा लाकूड लावलेल्या शिकंजात हलकेच पकडा. टाइट स्प्रिंग असेल तर कॉकिंग पीसची पुढची कड टेबलाच्या पक्क्या कडेला अडकवून बोल्ट ओढा, म्हणजे कॉकिंग पीस मागे येईल. तो ज्या बाजूला घसरला त्याच्या उलट बाजूला टोपी फिरवत न्या, म्हणजे तो उतारावरून चढून खाचेत ‘टक’ करून बसेल. हात सटकला तर पिन जोरात पुढे जाते, म्हणून बोल्टच्या तोंडासमोर बोट नको आणि मागे चेहरा नको. माउझर पद्धतीच्या बोल्टला टोपीच्या बाजूला एक स्प्रिंगवालं बटण असतं, ते टोपीला भलत्या वेळी फिरू देत नाही. असा बोल्टही वारंवार डी-कॉक होत असेल, तर बटण चिकटलेलं आहे किंवा त्याची स्प्रिंग गेली आहे.

काही रायफलींत बोल्ट काढताना आणि घालताना ट्रिगर दाबून धरावा लागतो. तुमची त्यातली असेल तर वरची सगळी झटापट करण्याआधी एकदा ट्रिगर दाबून बोल्ट घालून बघा.

हँडल उचलायला फार जोर लागतो.

आधी एकच प्रश्न: रिकामी असतानाही लागतो की फक्त गोळी झाडल्यावर?

फक्त झाडल्यावर लागत असेल तर कॉकिंगचा संबंध नाही. रिकामं काडतूस बाहेर काढून बघा. प्रायमर (बुडाच्या मध्यभागी असलेली, ठोक्याने पेटणारी छोटी टोपी) सपाट पसरलेला आहे, बुडावर चकचकीत ठसा उमटलाय, तर दाब जास्त आहे. त्या खोक्यातली काडतुसं बाजूला ठेवा. चेंबरमध्ये तेल राहिलं असेल तरी काडतूस भिंतीला नीट धरत नाही आणि बोल्टवरचा भार वाढतो, म्हणून रेंजवर जाण्याआधी चेंबर कोरडं पुसावं.

रिकामी असतानाही जड जात असेल तर ही छोटी चाचणी करा. हँडल उचला, ट्रिगर न ओढता परत खाली पाडा आणि पुन्हा उचला. दुसऱ्या वेळी कॉकिंग पीस आधीच सिअरवर थांबलेला असतो, कॅमला त्याला ढकलावं लागत नाही. दुसऱ्यांदा हँडल हलकं उचललं गेलं, तर अडचण कॅमवर आहे. तिथे रेघा पडल्यात का बघा, पुसा आणि मटारच्या दाण्यापेक्षाही कमी ग्रीस लावा. लॉकिंग लग्जच्या (बोल्टला बंद अवस्थेत अडकवून ठेवणाऱ्या उंचवट्यांच्या) मागच्या पृष्ठभागावरही तेवढंच. दुसऱ्यांदाही तितकंच जड असेल, तर घर्षण लग्जजवळ किंवा एखाद्या स्क्रूपाशी आहे. (उघडताना कॉक होणाऱ्या रायफलींनाच ही चाचणी लागू पडते.)

स्कोप बसवल्यापासून बोल्ट अडतो. स्कोपचा आणि बोल्टचा काय संबंध?

स्क्रूचा संबंध आहे. पुढच्या बेसचा (स्कोप ज्यावर बसतो त्या पट्टीचा) नळीकडचा स्क्रू जरा लांब असला तर त्याचं टोक लग्ज फिरतात त्या जागेत उतरतं. तो एक स्क्रू काढून बोल्ट चालवा. मोकळा झाला तर चोर सापडला. अ‍ॅक्शनचे दस्त्यातले स्क्रू अदलाबदल झाले असतील तरी हाच प्रकार घडतो, कारण पुढचा आणि मागचा स्क्रू सारख्या लांबीचे असतीलच असं नाही.

ट्रिगर ओढला, ‘टक’ आवाज आला, पण गोळी सुटली नाही.

रायफल खांद्यावरून हलवू नका. नळी निशाण्याच्या दिशेलाच धरून किमान ३० सेकंद थांबा. दारू उशिरा पेटू शकते. त्यानंतर चेहरा बाजूला ठेवून बोल्ट उघडा आणि प्रायमर बघा. त्यावरचा खळगा बरंच काही सांगतो.

खळगा खोल आणि मध्यभागी असेल तर काडतूस खराब. उथळ असेल तर पिनेला पुरेसा जोर मिळाला नाही: बोल्टच्या आत घट्ट झालेलं ग्रीस, थकलेली स्प्रिंग, पिनेचं टोक पुरेसं बाहेर न येणं. आणखी एक कारण लोकांच्या लक्षात येत नाही. हँडल पूर्ण खाली बसलेलं नसेल तर पुढे जाणारा कॉकिंग पीस आधी कॅमला धडकतो. त्याचा जोर हँडल खाली ओढण्यात खर्च होतो आणि प्रायमरपर्यंत पोचतो तो उरलासुरला. ठोका पडल्यावर हँडल किंचित हललेलं दिसलं तर हेच झालंय.

खळगाच नसेल तर पिन मोडलेली असू शकते, किंवा पुढे आलीच नाही.

मोसिन-नागां ही जुनी रशियन लष्करी रायफल असणाऱ्यांना एक सोय आहे. तिच्याबरोबर मिळणाऱ्या मूळ पान्याला ७५ आणि ९५ अशा दोन खाचा असतात. पिन सोडलेल्या अवस्थेत बोल्टच्या तोंडावरून पाना फिरवायचा. ९५ च्या खाचेतून टोक न लागता जायला हवं आणि ७५ च्या खाचेला ते लागायला हवं. बाकीच्यांना डेप्थ मायक्रोमीटर लागतो.

ट्रिगर ओढला तरी काहीच नाही. ‘टक’सुद्धा नाही.

सेफ्टी अर्धवट अडकली आहे का आणि हँडल पूर्ण खाली आहे का, एवढं आधी बघा. सॅव्हेज कंपनीचा अ‍ॅक्यूट्रिगर असेल तर त्याच्या पानाच्या मधोमध एक पातळ पट्टी असते. बोट तिरकं पडलं किंवा रायफलला हिसका बसला आणि ती पट्टी न दबता सिअर सुटला, तर पट्टी त्याला मध्येच अडवते. मग ट्रिगर मेल्यासारखा लागतो. हँडल उचलून परत पाडलं की सगळं पूर्ववत. तो बिघाड नाही, तीच त्याची सुरक्षा. पण हातही न लावता असं वारंवार व्हायला लागलं तर मात्र सिअर आपोआप सुटतोय, आणि ते दाखवायलाच हवं.

बोल्ट बंद करताना किंवा सेफ्टी काढताना गोळी आपोआप सुटली. आता?

रायफल रिकामी करा आणि दुरुस्तीकाराकडे जाईपर्यंत पुन्हा भरू नका. ‘एकदाच झालं, परत नाही झालं’ याला अर्थ नाही.

या बाबतीत रेमिंग्टन ७०० चा इतिहास प्रत्येक मालकाला ठाऊक असावा. १९६२ मध्ये आलेल्या या रायफलीत माइक वॉकर यांच्या रचनेचा ट्रिगर होता. त्यात ट्रिगर आणि सिअरच्या मध्ये कनेक्टर नावाचा एक सुटा तुकडा आहे. प्रत्येक गोळीला तो ट्रिगरपासून जरासा दूर होतो आणि परत येतो. त्या फटीत कचरा किंवा वाळलेलं तेल साचलं तर तो पूर्ण परत येत नाही आणि सिअरची पकड काठावर राहते, असा आक्षेप घेतला गेला आणि त्यावरून बरेच खटले चालले. नंतर आलेल्या एक्स-मार्क प्रो ट्रिगरच्या रायफली कंपनीने एप्रिल २०१४ मध्ये परत मागवल्या. जोडणीच्या वेळी वापरलेला चिकट पदार्थ काहींत जास्त झाला होता. वापरलेली ७०० घेत असाल तर आत कोणता ट्रिगर आहे आणि तो बदलून घेतलाय का, हे घासाघीस सुरू करण्याआधी विचारा.

आणखी एक गोष्ट: १९८२ च्या आधीच्या बऱ्याच ७०० मध्ये सेफ्टी लावलेली असताना बोल्ट उघडता येत नाही. रायफल रिकामी करायलाच सेफ्टी काढावी लागते. अशा रायफलीत नळीची दिशा सांभाळण्याला दुप्पट महत्त्व.

सेफ्टी आणि सिअर भरवशाचे आहेत का, हे घरी कसं कळेल?

पुन्हा सांगतो, रिकाम्या रायफलीवरच. कॉक करा, सेफ्टी लावा, ट्रिगर नेहमीपेक्षा जोरात ओढा आणि सोडा. आता ट्रिगरला बोट न लावता सेफ्टी काढा. ‘टक’ झालं तर नापास. काही झालं नाही तर ट्रिगर ओढा, पिन सुटायला हवी.

मग सेफ्टी न लावता बोल्ट आठ-दहा वेळा धसमुसळेपणाने आपटून बंद करा. प्रत्येक वेळी कॉक राहायला हवा. शेवटी कॉक केलेली रायफल उभी धरून दस्त्याचं बूड जाड रबरी चटईवर वीतभर उंचीवरून टेकवा, आणि अ‍ॅक्शनच्या दोन्ही बाजूंना रबरी हातोडीने हलके ठोके द्या. एकदाही पिन सुटली तर ट्रिगर आहे त्या अवस्थेत चालणार नाही. स्क्रूला हात लावल्यावर, डबी धुतल्यावर, नवीन ट्रिगर बसवल्यावर हे सगळं परत करायचं.

माउझरच्या उभ्या सेफ्टीचं आणखी एक बघा. ती फिरवताना कॉकिंग पीस केसभर मागे ओढला गेला पाहिजे. ओढला जात नसेल तर सेफ्टी लागल्यासारखी दिसते, पण भार सिअरवरच राहतो.

ट्रिगर हलका करून घ्यावा का?

कशासाठी वापरता त्यावर आहे. शिकारीच्या रायफलीला ट्रिगरचं वजन, म्हणजे तो ओढायला लागणारा जोर, साधारण १.१ ते १.८ किलो ठीक, थंडीत हातमोजे घालून वापरायची असेल तर त्याहूनही जड बरा. जुन्या लष्करी दोन टप्प्यांच्या ट्रिगरला अडीच-तीन किलोही लागतात, आणि सराव झाला की ते वाटतात तेवढे वाईट नाहीत. स्पर्धेत नियम पाळावे लागतात. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) ३०० मीटर स्टँडर्ड रायफलला ट्रिगरचं वजन किमान १५०० ग्रॅम हवं.

माझं मत विचाराल तर लोक वजनाच्या मागे उगाच लागतात. त्रास देतो तो खरखरीत, अडखळत सुटणारा ट्रिगर. स्वच्छ सुटणारा दीड किलोचा ट्रिगर खरखरीत किलोच्या ट्रिगरपेक्षा कधीही चांगला.

स्क्रूने समायोजन होत असेल तर निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलंय तेवढंच करा. सिअरवर कानस किंवा पॉलिश पेपर चालवू नका. त्या पोलादाचा फक्त वरचा पातळ थर कडक केलेला असतो. तो गेला की आतलं मऊ पोलाद भराभर झिजतं, आणि आज झकास वाटणारा ट्रिगर काही महिन्यांत धोकादायक होतो.

ट्रिगरला तेल कोणतं घालावं?

शक्यतो कोणतंच नाही. नावाजलेले गंजरोधक फवारेही कालांतराने चिकट थर सोडतात. डबी धुवायची असेल तर अ‍ॅक्शन दस्त्यातून काढा आणि लायटरमध्ये भरतात ते पातळ नॅप्था थेंबाथेंबाने सोडत ट्रिगर चालवत राहा. खालून गळणारा नॅप्था स्वच्छ होईपर्यंत चालू ठेवा आणि मग पूर्ण वाळू द्या. हे मोकळ्या हवेत करायचं, आसपास विस्तव नको. वाळल्यावर कोरडंच ठेवा.

युद्धकालीन साठ्यातून आलेल्या रायफलींत कॉस्मोलीन नावाचं घट्ट गंजरोधक ग्रीस बोल्टच्या आतपर्यंत भरलेलं असतं. बाहेरून लखलखीत दिसणारा बोल्टसुद्धा उघडून स्प्रिंग आणि पिन मिनरल स्पिरिटमध्ये धुवावी. ‘टक’ होऊन न सुटणाऱ्या मोसिनची गोष्ट पुष्कळदा इथेच संपते.

कॉक करून ठेवली तर स्प्रिंग थकते का?

चांगली स्प्रिंग दाबून ठेवल्याने फारशी थकत नाही, ती झिजते वारंवार दाबल्या-सुटल्याने. तरीही सैल ठेवायची असेल तर चेंबर रिकामं असल्याची खात्री करा, बोल्ट पुढे नेऊन ट्रिगर दाबून धरा आणि हँडल हळूच खाली आणा. चेंबरमध्ये काडतूस असताना हे कधीही करायचं नाही, कारण पिनेचं टोक सरळ प्रायमरवर टेकून राहतं.

रिकाम्या रायफलीचा ट्रिगर ओढून सराव केला तर काही बिघडतं का?

आधुनिक सेंटरफायरचं सहसा नाही. रिमफायरमध्ये पिन चेंबरच्या कडेवर आपटून दोन्ही खराब होऊ शकतात, तिथे स्नॅप कॅप हवाच.

दुरुस्तीकाराकडे नेताना काय बरोबर न्यावं?

परवानाधारक दुरुस्तीकार निवडा. रायफल रिकामी, बोल्ट वेगळा काढलेला आणि वाहतुकीचे तुमच्याकडचे नियम पाळून. न सुटलेल्या काडतुसांबद्दल आधी फोनवर विचारा, पण झाडलेली रिकामी काडतुसं जरूर न्या, त्यांच्या प्रायमरवरूनच त्याला निम्मी गोष्ट कळते. आणि कोणते स्क्रू फिरवले असतील ते लपवू नका. नाहीतर तो तुमच्या पैशाने तासभर तेच शोधत बसेल.